बिनदुखीची कावीळ: आधी सीटी, मग बाकीचे

गोव्यातल्या डिचोलीहून एका मुलीने विचारले आहे. वडील ६३ वर्षांचे. दोन महिन्यांपूर्वी अंगाला खाज सुरू झाली, मग लघवी काळ्या चहासारखी आणि डोळे पिवळे. पोटात दुखत नाही, ताप नाही. तीन आठवडे गावठी औषध आणि पथ्य झाले. रक्तातले बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, ११ वर गेल्यावर सोनोग्राफी केली. तीत पित्तनलिका फुगलेली दिसली आणि स्वादुपिंडाच्या डोक्याजवळ ‘गाठीची शक्यता’ लिहून आली. सीए १९-९ या रक्ततपासणीचा (कॅन्सरचा संशय असला की करतात ती) आकडा ४१०. एक डॉक्टर म्हणतात, परवाच स्टेंट (तुंबलेली पित्तनलिका उघडी ठेवणारी नळी) टाकून घ्या. दुसरे म्हणतात, आधी बायोप्सी. काका म्हणतात, सरळ मुंबई गाठा. ‘कॅन्सरच असेल तर एवढे करून उपयोग तरी आहे का? आणि बाबांना सांगायचे का?’

शेवटच्या दोन प्रश्नांकडे शेवटीच येतो. आधी या आठवड्याचे बोलू, कारण चूक होते ती इथेच.

स्टेंटच्या आधी आणि बायोप्सीच्याही आधी सीटी करून घ्या. चिठ्ठीवर नुसते ‘पोटाचा सीटी’ असे असेल तर परत जाऊन ‘स्वादुपिंडाचा प्रोटोकॉल’ असे लिहून आणा. त्यात शिरेतून औषध सोडल्यावर दोनदा फोटो घेतात, एकदा साधारण ४०-४५ सेकंदांनी आणि पुन्हा ७० सेकंदांच्या आसपास, आणि कापही बारीक घेतात. पहिल्या वेळी गाठ आणि शुद्ध रक्तवाहिन्या स्पष्ट दिसतात, दुसऱ्या वेळी यकृताकडे जाणारी मोठी शीर आणि यकृतातले ठिपके. साध्या सीटीत हे निसटते आणि मग दहा दिवसांनी तोच सीटी पुन्हा करावा लागतो. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासून घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर तसे सांगा.

स्टेंट आधी का नको? एकतर स्टेंट टाकताना कधी कधी स्वादुपिंडालाच सूज येते. सूज आली की गाठ कुठे संपते आणि सूज कुठे सुरू होते ते फोटोत कळत नाही. शिवाय धातूचा स्टेंट असेल तर त्याच्या चकाकीने आजूबाजूचे चित्र बिघडते. पेडण्याकडचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, अगदी तुमच्या वडिलांसारखी कथा. एका इस्पितळात पहिल्याच दिवशी स्टेंट पडला, तिसऱ्या दिवशी पोट फुगले आणि सूज उतरण्यात सहा आठवडे गेले. त्या सहा आठवड्यांत आम्ही सगळे नुसते बसून होतो. स्टेंट टाकणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. कावीळ दिसली की ती उतरवावी असे कोणालाही वाटते.

आता हा अवयव आहे तरी कुठे. बांगडा आडवा ठेवलात तर जवळजवळ तसाच: जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून, सुमारे १५ सें.मी. लांब. आम्हीही त्याला डोके, धड आणि शेपूटच म्हणतो. डोके उजवीकडे, लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेले. शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत. यकृताकडून येणारी पित्तनलिका या डोक्यातूनच आतड्यात उतरते. त्यामुळे डोक्यात दोन-अडीच सेंटिमीटरची गाठ झाली तरी नळी दाबली जाते आणि कावीळ येते. धडात आणि शेपटीत गाठ झाली तर दाबायला तिथे काही नसते. ती वाढत राहते आणि पाठीत दुखू लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून विचित्र वाटेल, पण तुमच्या वडिलांना कावीळ लवकर झाली ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट आहे.

त्या तीन आठवड्यांबद्दल कोणाला बोल लावू नका. आपल्याकडे कावीळ म्हटली की पाय आधी मुळी देणाऱ्याकडेच वळतात. विषाणूची कावीळ बहुतेक वेळा चार-सहा आठवड्यांत आपली आपण उतरते आणि श्रेय मुळीला जाते. त्यामुळे त्या माणसाचा अनुभवही खोटा नसतो. पण त्या कावीळीत आधी ताप, मळमळ, भूक मेलेली असते. ही कावीळ निराळी: न दुखता येते, दर आठवड्याला गडद होते, शौचाचा रंग पांढुरक्या मातीसारखा होतो आणि खाजेने रात्रीची झोप उडते. पन्नाशीनंतर अशी कावीळ झाली तर पित्ताचा खडा किंवा गाठ, यांपैकी काहीतरी नळी अडवते आहे असे धरूनच चालावे.

आणखी एक गोष्ट विचारून बघा. वर्षभरात त्यांना नव्याने साखर निघाली का, किंवा असलेली साखर अचानक हाताबाहेर गेली का, आणि त्याच वेळी वजन उतरले का? पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या शंभर जणांत साधारण एकाला पुढच्या तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कॅन्सर निघतो. नव्व्याण्णवांना निघत नाही, तेव्हा साखर निघालेल्या प्रत्येकाने सीटीच्या रांगेत उभे राहायचे कारण नाही. पण नेहमीच्या मधुमेहात माणूस आधी जाड झालेला असतो. साखर वाढतेय आणि पट्टा सैल होतोय, हे जुळले की मी थांबतो आणि पोटाकडे बघतो.

सीए १९-९ च्या ४१० वर फार रात्री घालवू नका. ३७ पर्यंत सामान्य, हे खरे. पण पित्त तुंबले असले की हा आकडा नुसत्या खड्यानेही शेकड्यांत जातो. उलट पाच ते दहा टक्के माणसांच्या रक्तात हा पदार्थ मुळात तयारच होत नाही. त्यांचा कॅन्सर पसरला तरी आकडा सामान्य. कावीळ उतरल्यावर पुन्हा तपासा. तो आकडा खरा आणि पुढे उपचार लागू पडतोय का ते बघायला कामाचा.

सीटी आल्यावर ‘कितवी स्टेज?’ असे सगळे विचारतात. तुम्ही एवढेच विचारा: गाठ कोणत्या रक्तवाहिनीला टेकली आहे आणि किती? डोक्याच्या अगदी मागून आतड्याची मुख्य शुद्ध रक्तवाहिनी आणि यकृताकडे जाणारी मोठी शीर जाते. गाठ त्यांच्यापासून सुटी असेल तर आधी शस्त्रक्रिया. शिरेला चिकटलेली किंवा शुद्ध रक्तवाहिनीच्या अर्ध्याहून कमी घेराला टेकलेली असेल तर ती सीमेवरची. त्यात आधी काही महिने केमो देतात, मग पुन्हा सीटी, मग शस्त्रक्रियेचा निर्णय. शुद्ध रक्तवाहिनीला अर्ध्याहून जास्त विळखा असेल तर केमो हाच मुख्य उपचार, क्वचित काही जण पुढे शस्त्रक्रियेपर्यंत पोचतात. आणि यकृतात, फुप्फुसात किंवा पोटाच्या पडद्यावर पसरला असेल तर शस्त्रक्रिया नाही. निदानाच्या वेळी थेट शस्त्रक्रिया करण्यासारखे रुग्ण १५ ते २० टक्केच असतात. जगभर २०२२ साली या कॅन्सरचे सुमारे ५ लाख १० हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि ४ लाख ६७ हजार मृत्यू. हे दोन आकडे इतके जवळ का, त्याचे उत्तर बरेचसे या टक्क्यांत आहे.

बायोप्सीबद्दल तुमचे दोन डॉक्टर भांडत आहेत असे वाटते, पण दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. गाठ सुटी असेल आणि चित्र स्पष्ट असेल तर बायोप्सीशिवाय शस्त्रक्रिया करतात. कारण बायोप्सी निगेटिव्ह आली तरी कोणी शांत बसणार नाही. दहातल्या एक-दोन वेळा सुई नेमकी गाठीच्या आजूबाजूच्या कडक तंतूत शिरते आणि खऱ्या कॅन्सरमध्येही रिपोर्ट ‘पेशी दिसल्या नाहीत’ असा येतो. पण आधी केमो द्यायची ठरली तर बायोप्सी हवीच. पुराव्याशिवाय केमो नाही. ती पोटावरून नव्हे, तोंडातून दुर्बीण घालून, जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीतून सोनोग्राफीच्या मदतीने घेतात. ‘सुई लागली की पसरतो’ ही भीती या पद्धतीत जवळपास सोडूनच द्यावी.

एका शक्यतेसाठी मात्र मी बायोप्सीचा आग्रह धरतो. स्वादुपिंड सगळे सॉसेजसारखे सुजलेले दिसत असेल, गाठ नीट दिसत नसेल, तर रक्तातले आयजीजी४ नावाचे प्रतिपिंडही तपासा. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडावर उलटण्याचा एक आजार आहे, तो हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांनी उतरतो. आपल्या देशात क्षयाच्या गाठीही तिथे निघतात. आणि गाठ खुद्द स्वादुपिंडाची नसून नळीच्या तोंडाशी असेल, तर ती कॅन्सरच, पण बरीच सौम्य वागणारी. म्हणूनच सोनोग्राफीच्या एका ओळीवर घरात रडारड नको.

तर स्टेंट कधी? ताप आणि थंडी भरून आली तर ताबडतोब, त्याच रात्री. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले की काही तासांत रक्तदाब खाली येतो, १०८ ला फोन करायला सकाळची वाट बघू नका. आधी केमो ठरली असेल तरीही स्टेंट लागतो, कारण बिलिरुबिन उतरल्याशिवाय ती औषधे झेपत नाहीत. पण बिलिरुबिन १४-१५ च्या खाली असेल आणि शस्त्रक्रिया आठवडा-दहा दिवसांत होणार असेल, तर स्टेंट न टाकता सरळ टेबलावर गेलेले बरे. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या चाचणीत २०१० सालीच दिसले की आधी स्टेंट टाकलेल्यांना जास्त गुंतागुंती झाल्या. तुमचे ११ आहे. आपल्याकडची अडचण अशी की तारीख दहा दिवसांत क्वचित मिळते. महिन्यानंतरची तारीख असेल तर स्टेंट टाकणे आले, आणि मग धातूचा लहान स्टेंट मागा, प्लास्टिकचा लवकर तुंबतो. दोन्ही बाबतींत व्हिटॅमिन के चे इंजेक्शन विसरू नका. पित्त आतड्यात उतरत नाही तेव्हा हे जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि रक्त गोठत नाही.

शस्त्रक्रियेचे नाव व्हिपल, अमेरिकेच्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये मांडली त्यांच्यावरून. स्वादुपिंडाचे डोके, आतड्याचे पहिले वळण, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि बहुधा जठराचाही थोडा भाग काढतात. मग उरलेले स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर, तिन्ही नव्याने आतड्याला जोडायचे. पाच-सहा तास सहज जातात. यातला पहिला जोड सगळ्यांत नाठाळ. स्वादुपिंड मऊ असेल तर शिवणीचा टाका लोण्यातून सुरी जावी तसा निसटतो, आणि तिथून गळणारा रस आजूबाजूचे सगळे पचवू लागतो. शस्त्रक्रियेनंतरचे पंधरा दिवस आमची झोप याच्यावर टांगलेली असते. पूर्वी चारातला एक रुग्ण इस्पितळातच दगावायचा. आता अनुभवी केंद्रांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आहे.

इथेच काकांच्या मुंबईचे उत्तर आहे. शहराचे नाव महत्त्वाचे नाही. डॉक्टरांना सरळ विचारा: तुमच्या युनिटमध्ये वर्षाला किती व्हिपल होतात, आणि रात्री दोन वाजता रक्तस्राव झाला तर कॅथेटर घालून तो थांबवणारा रेडिओलॉजिस्ट आहे का? चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. सीटी, रक्त, हृदयाची तपासणी हे सगळे इथेच बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात किंवा म्हापशा-मडगावात होते. त्यासाठी वडिलांना कोकणकन्येच्या बर्थवर रात्रभर आणि परळच्या फुटपाथवर सकाळपर्यंत बसवायची गरज नाही. आधी कोणीतरी एकटे फाईल घेऊन जा, मत घ्या, तारीख घ्या, मग त्यांना न्या. केमो मात्र शक्य तो घराजवळ. ती सहा महिने चालते, दर दोन आठवड्यांनी. दर वेळी प्रवास करणारे रुग्ण चौथ्या-पाचव्या फेरीला हात टेकतात हे मी बघितले आहे. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा विम्याचे कार्ड काढून बघा, मुदत संपली असेल तर आजच नूतनीकरणाला टाका. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख.

केमोचे नाव ऐकाल ते फोल्फिरिनॉक्स. चार औषधे, त्यातले एक छोट्या पंपातून ४६ तास चालते, म्हणून छातीत कातडीखाली पोर्ट (शिरेत औषध सोडायची छोटी डबी) बसवतात. जबरदस्त औषध आहे, अशक्त माणसाला झेपत नाही. त्याला जेमसिटाबीन आणि त्याच्या जोड्या आहेत. फोल्फिरिनॉक्समधल्या ऑक्झालीप्लॅटिनने गारव्याची विचित्र झोंबणारी संवेदना येते. फ्रीजची सोलकढी, फ्रीजचे हँडल, पहाटेचे नळाचे पाणी, सगळे काही दिवस वर्ज्य. रक्ताची आनुवंशिक तपासणीही मागा, घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालेला असो वा नसो. शंभरात पाच-सात जणांत बीआरसीए जनुकाचा दोष सापडतो. त्यांना निराळी औषधे चालतात, आणि तो दोष मुलांकडे येण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे ती तपासणी तुमच्याही कामाची.

जेवणाबद्दल मात्र मला खूप बोलायचे आहे, कारण इस्पितळात ते कोणी बोलत नाही. कावीळ झाली म्हणून खोबरे बंद, नुस्ते (मासे) बंद, तेलाचा थेंब बंद, नुसती पेज आणि उसाचा रस, असे चालू असणार. बंद करा हे पथ्य. तुमचे वडील आजाराने जेवढे उतरले असतील तितकेच या पथ्याने. स्वादुपिंडाचा रस आतड्यात पोचत नाही म्हणून चरबी पचत नाही, शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारे होते. त्यावर उपाय अन्न तोडणे नव्हे, रस बाहेरून देणे. पॅन्क्रिएटिनच्या कॅप्सूल डॉक्टरांकडून लिहून घ्या. मोठ्या जेवणाला सहसा ४० ते ५० हजार युनिट, मधल्या खाण्याला २५ हजार. कॅप्सूल जेवणानंतर घेऊन उपयोग नाही. अर्ध्या पहिल्या घासाबरोबर, अर्ध्या जेवण मध्यावर आल्यावर, साध्या पाण्याने. गरम चहाबरोबर नको. सकाळी दहाच्या पेजेबरोबर लोणचे-सुके खात असतील तर तिथेही एक. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. चालत नसेल तर आधीच बोला, लपून टाकून देऊ नका. मग शीत-कढी, हुमण, अंडे, डाळ, सगळे थोडे थोडे, दिवसातून सहा वेळा. उसाचा रस साखर असलेल्याला तर मुळीच नको. सिगारेट असेल तर आजपासून बंद. या कॅन्सरचा धोका तिने दुप्पट होतो आणि शस्त्रक्रियेनंतरचा छातीचा त्रासही वाढतो.

एका पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली, तर ‘चालणे कमी झाले’ म्हणून सोडू नका. या आजारात शिरांत गुठळ्या होतात. आणि पुढे दुखणे आलेच तर मॉर्फिनला घाबरू नका. दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन सहसा लागत नाही, बद्धकोष्ठ मात्र हमखास होते. त्याचे औषध पहिल्या दिवसापासून हवे. पाठीत शिरणारे दुखणे असेल तर मागच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात इंजेक्शन देऊनही ते शमवता येते.

आता उपयोगाचा प्रश्न. गोव्यात हा आजार म्हटला की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मनोहर पर्रीकर येतात. जानेवारी २०१९ मध्ये मांडवीवरच्या पुलाच्या उद्घाटनाला नाकात नळी लावून आलेले, आणि १७ मार्चला गेलेले. तेव्हापासून माझ्यासमोर बसलेला प्रत्येक नातेवाईक मनात तेच वर्ष मोजत असतो. तसे मोजू नका. दुसऱ्याची गाठ कुठे होती, किती पसरली होती, यावरून तुमच्या वडिलांचे काही कळत नाही. सगळे टप्पे एकत्र धरले तर अमेरिकेत पाच वर्षांनी जिवंत असणारे १३ टक्क्यांच्या आसपास. पण शस्त्रक्रिया होऊन पुढे फोल्फिरिनॉक्स मिळालेल्या निवडक, धडधाकट रुग्णांत, २०१८ च्या फ्रान्स-कॅनडाच्या चाचणीत, निम्मे लोक साडेचार वर्षांपलीकडे होते. जुन्या औषधावर हाच आकडा तीन वर्षांच्या थोडा अलीकडे. पसरलेल्या आजारात फोल्फिरिनॉक्सने सरासरी आयुष्य सुमारे सातवरून अकरा महिन्यांवर गेले, २०११ सालची गोष्ट. हे चार महिने घ्यायचे की नाही, हे तुम्ही किंवा काकांनी ठरवायचे नाही.

म्हणून वडिलांना सांगा. एका दमात नको. आधी विचारा, ‘बाबा, तुम्हाला काय वाटते, काय झाले असेल?’ बहुतेक जण स्वतःच शब्द उच्चारतात. माझ्याकडे आलेले कितीतरी आजोबा सून बाहेर गेल्यावर हळूच म्हणाले आहेत, ‘डॉक्टर, तिला सांगू नका, मला माहीत आहे.’ शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही त्यांचीच लागणार आहे. शेताचे, बँकेचे, तुमच्या भावाच्या लग्नाचे जे काही त्यांच्या मनात असेल ते त्यांना कळल्याशिवाय ते बोलणार नाहीत.

सीटी झाला की रिपोर्टच्या कागदाबरोबर सीडी मागून घ्या, नाहीतर मुंबईचे डॉक्टर पहिल्याच मिनिटाला तीच मागतील. सोनोग्राफी, सगळी रक्ते तारखेप्रमाणे, आताच्या गोळ्यांची पाने, आणि वजन. घरच्या काट्यावर आज करा आणि तारखेसकट लिहून ठेवा.